शंभर वॉट

त्या शनिवारी थंडर बेला उणे अठ्ठावीस होतं.
तेसा बोरोव्स्की बापाच्या पिकअपमधून आली
आणि हातमोजे न काढताच म्हणाली, कुठेय तो?

तो जिन्याखाली होता.
बावीस किलो. कोपऱ्यांना पत्रा,
मागच्या जाळीआड चार जाडजूड व्हॉल्व्ह,
डोक्यावर माझ्या कॉफीच्या कपाची गोल खूण.
खाली पाटीवर: शंभर वॉट.
ती वाचत राहिली
सुपीरियरच्या काठावर पहिल्यांदा आल्यासारखी,
पलीकडचा किनारा शोधत.

विकायला बसलो होतो मी,
आणि तोंडातून निघत होतं ते सगळं न विकण्याचं.
पोरी, हिशेब ऐक.
पन्नासाचे शंभर केलेस तर कानाला जेमतेम कळतं.
पाचाचे शंभर केलेस
तर आवाज वीसपट होत नाही,
होतो अडीचपट.
बाकीचं सगळं वजन.
बाकीची सगळी तुझी कंबर.

वाजवणार कुठे?
कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये, मार्चात.
माणसं किती?
चाळीस. आजी धरून.

चाळीस माणसांना पंधरा वॉट पुरतात,
ड्रमवाला दांडगा असेल तर वीस.
आमचा गॉर्ड दांडगा होता.
त्याच्यावर ताण म्हणून मी हा घेतला,
माझ्यावर ताण म्हणून त्याने जाड काठ्या घेतल्या,
बेसवाल्याने कर्ज काढलं,
आणि आमची गाणारी, लॉरेन,
एका रात्री दोन गाण्यांच्या मध्ये
माइक स्टँडला अडकवून, कोट घालून चालती झाली.
पुढे कळलं,
शेवटचे तीन महिने ती नुसतेच ओठ हलवत होती.
आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

अठरा वर्षांत याचं बटण
तीनच्या पुढे मी एकदाच नेलं,
निपिगॉनजवळच्या उघड्या मैदानात.
वाऱ्याने सगळं उचलून सरोवरात टाकलं.
एरवी हे चारही व्हॉल्व्ह
परक्या लग्नातल्या पाहुण्यांसारखे
हात बांधून उभे असायचे.
डाव्या कानात शिट्टी वाजते, ती तेवढी राहिली त्याची.

मग फ्रिजवरचा छोटा काढला. पाच वॉट.
पावाच्या डब्याएवढा, एका हातात मावणारा.
याला सातवर नेलं की स्वर बुडाशी लागतो,
भांड्याच्या खरवडीसारखा,
आणि गोडी सगळी त्या खरवडीतच असते.
वाजवून दाखवलं.
वरच्या मजल्यावर मिसेस पेल्टोनेनचा झाडू
जमिनीवर आपटला नाही.
पाहिलंस? म्हटलं.

तेसाने मान कलती करून ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं.
छान आहे, म्हणाली,
पण हा लहान आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
सोळाव्या वर्षी अंथरूण कोण पाहतं?
पाय पाहायचे असतात,
कालपेक्षा किती लांब गेलेत ते.

लोकांच्या अंगणातला बर्फ उपसून मिळवलेल्या
विसाच्या नोटा तिने टेबलावर मोजल्या,
दोन ओल्या होत्या.
एका कडेला ती, एका कडेला मी,
पायरी, थांब, पायरी, थांब,
शेवटी पिकअपमध्ये त्याला घोंगडीत गुंडाळलं.
जिन्याखाली एक कोरडा चौकोन उरला.

मार्चात गेलो. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो,
कानात कापूस.
आजी पहिल्या रांगेत होती, पर्स मांडीवर.
तेसाने बटणाभोवती पांढरी चिकटपट्टी लावली होती,
दोनवर जाड रेघ.
शहाणी पोर. गाणाऱ्या मुलाचा शब्दन् शब्द कळत होता.
माझं सगळं सगळं ऐकलं होतं तिने.

आणि मी तिथे, बावन्न वर्षांचा,
एका कानाने अधू,
ओठ न हलवता म्हणत होतो:
वाढव.
अगं, वाढव की.